किडके दाणे

माय, आज प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने विचारलं की या डबीतले जीवाश्म इतके गुळगुळीत कसे. वाहत्या पाण्याने झिजले असावेत, असं मी म्हणाले. तू असतीस तर पदर तोंडाला लावला असतास.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ती सुट्टी. मी पेडगावला एक पिशवी घेऊन आले. सरांनी हिमालयातून आणलेला मऊ खडक मी कॉलेजात भिजवून, धुऊन, चाळून वाळवला होता. त्या चुऱ्यात समुद्रकमळांच्या देठाच्या चकत्या होत्या: तिळाहून जराशा मोठ्या, पाच कोनांच्या, मधोमध भोक. समुद्रकमळ नावालाच कमळ. ते तारामाशाच्या गोतातला प्राणी. फार पूर्वी समुद्रातले बहुतेक जीव मेले, तेव्हा हे गोतही जवळजवळ संपलं. जे थोडे तगले त्यांच्यापासून पुढे सगळं पुन्हा वाढलं. माझा प्रबंध त्या तगलेल्यांवर होता आणि नमुना एवढा एकच. सर पुन्हा तिकडे जाणार नव्हते.

मी भिंगाची काच बदलायला परभणीला गेले, तेवढ्यात तू पिशवी सुपात ओतलीस. संध्याकाळी परत येते तर सुपात वाळूचे भरीव, एकसारखे कण. "किडके समदे काढले," तू सांगतेस. "लय भोकं पडली होती. बियानं जड लागायलं, पण म्हनलं कॉलेजाचं असंल." किडके कुठे टाकलेस, मी विचारते. तू अंगणाकडे हनुवटी करतेस. तिथे आपल्या तिन्ही कोंबड्या समाधानाने फिरतायत.

मी ओरडले नाही. परीक्षकापुढे बोलावं तसं तो समुद्र, ते मरण, ते तगलेले जीव, सगळं तुला क्रमाने सांगितलं. तू नीट ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "एवढ्या मोठ्या मरनातून वाचले, अन् आपल्या कोंबड्यांनी खाल्ले व्हय गं?" मी हो म्हणाले. मग आपण दोघी कोंबड्यांकडे बघायला लागलो. कोंबडीच्या पोटात एक पिशवी असते आणि गिळलेले खडे त्यात कैक दिवस राहतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तुला विळीवरून.

तिन्ही अंड्यावरच्या होत्या. तरी तू रोज एक कापलीस, आणि रस्सा चुलीवर चढवण्याआधी ती पिशवी चिरून, खडे धुऊन ताटलीत माझ्यापुढे ठेवलेस. सलग तिसऱ्या दिवशी वास गेल्यावर शेजारची काकू आलीच. "पाव्हणे बघायला यायलेत अन् आमाला सांगितलं बी न्हाई?" तू चुलीपुढून न उठता म्हणालीस, "पाव्हणे लय जुने हाईत. दगडात असतेत." म्हणजे खडी फोडणारे ठेकेदार, असं काकूने ठरवलं, आणि गल्लीत तसंच कळवलं. वर्षभर लोक मला त्या ठेकेदाराबद्दल विचारत होते.

सुपातली वाळू मी नंतर भिंगाखाली पाहिली. तू तिच्यात एकही चकती राहू दिली नव्हतीस. मला दोन महिने पुरलं असतं ते काम तू एका दुपारीत, नुसत्या डोळ्यांनी केलं होतंस. हे मी तेव्हा तुला सांगितलं नाही.

कोंबड्यांच्या पोटातून पुरेशा चकत्या मिळाल्या. प्रबंध झाला, तोवर तू राहिली नव्हतीस. त्यात कामाच्या पद्धतीबद्दल एक वाक्य आहे: नमुने हाताने निवडले. परीक्षकांनी हरकत घेतली नाही. हे पत्र घडी घालून मी त्याच डबीत, चकत्यांखाली ठेवतेय. वाक्य बरोबर आहे, माय. फक्त कुणाच्या हाताने, ते मी लिहिलं नाही.