रेडिओच्या काचेवरची सात शहरं

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? जिने चढू नका, असं आमच्या हिने बजावलंय (आणि तिने बजावलेलं तुमच्याही घरी चालतं, हे मला ठाऊक आहे). इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे रविवारपर्यंत.

त्याचं असं झालं. जुने रेडिओ साफ करायचा माझा छंद तुम्हाला माहीतच आहे. सासूबाईंच्या लेखी तो निव्वळ रिकामटेकडेपणा. पण परवा त्यांनी स्वतःचा, लग्नातला रेडिओ आपण होऊन माझ्या हाती दिला. बावीस वर्षांत त्यांनी विश्वासाने दिलेली ही पहिली वस्तू (तुम्हाला पहिल्याच वर्षी कपाटाची किल्ली मिळाली होती, पण ते असो). रविवारी त्या तो न्यायला येणार आहेत. आता या रेडिओत काट्यापुढे जी काच असते ना, तिच्यावर शहरांची नावं मागच्या बाजूने छापलेली असतात. पुढून खुशाल पुसा, मागे मात्र आधी कोपऱ्यात ओला कापूस लावून बघायचा, हा माझा नियम. तो मी पाळला हो! कोपऱ्यातल्या आकड्यावर कापसाची काडी फिरवली, आकडा जागचा हलला नाही. मग काय, अंगात आलं. मधल्या भागावरून ओला कापूस एकदाच फिरवला आणि सातही शहरं कापसावर आली. काच उजेडाकडे धरली, तर पलीकडे चहाचा कप घेऊन उभी असलेली तुमची मेहुणी लख्ख दिसली. तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या रविवारवर बोट टेकवलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बोलावं लागत नाही.

हसू नका, साडूभाऊ. आता सासूबाई मला साधा चमचासुद्धा पुसायला देणार नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतंय.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा साडू

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुमच्याकडे अगदी असाच रेडिओ आहे. त्याची काच रविवारच्या आत पाठवाल का? (तुम्ही तरी तो कुठे ऐकता?)

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात सासरे आले. काच बघितली आणि त्यांनी आधी दार लावून घेतलं. अहो, ती सात नावं छापील नव्हतीच! छापील त्यांनीच लग्नाच्या दुसऱ्या वर्षी स्पिरिटने पुसून टाकली होती आणि सासूबाई माहेराहून परतायच्या आत पाण्याच्या रंगाने, आठवतील तशी लिहून काढली होती. अठ्ठेचाळीस वर्षं पोटात ठेवलं बिचाऱ्यांनी. आता दोघं मिळून पुन्हा लिहिणार आहोत. मला काय हलकं वाटलंय म्हणून सांगू! काच नको, तुमच्या काचेवरची नावं तेवढी क्रमाने उतरवून पाठवा.

ता. क. तिसरा. नावंही पाठवू नका. सासऱ्यांनी तेव्हा तीन शहरं भलत्याच जागी लिहिली होती, आणि काटा नावावर आणला तरी त्या शहराचं केंद्र लागत नाही म्हणून सासूबाई आजवर रेडिओ बनवणाऱ्याला बोल लावत आल्या आहेत. सासरे म्हणाले, "जावईबापू, बरोबर लिहिलंत तर तिला लगेच कळेल."