किती हवी होती, किती झाली

डब्लिन, ओहायो
१४ ऑक्टोबर

प्रिय आई,
तुला आणि बाबांना मनापासून जयभीम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांची शुगर आता कशी आहे?

युनिव्हर्सिटीतलं काम तेच. युरोपातल्या बायकांना किती मुलं हवी होती, किती झाली, घरकाम कोण करतं, हे विचारायचं आणि देशादेशांची तुलना करायची. स्वीडनमध्ये बाप महिनोन् महिने रजा घेऊन बाळ सांभाळतात. बाबांना सांग, हसतील.

परवा नवी प्रश्नावली आधी आम्हीच भरून पाहिली. किती मुलं हवी होती? मी दोन लिहिलं. किती झाली? शून्य. कधी गर्भ पडला का? मी 'हो'वर टिक केलं आणि पान उलटलं.

शेजारी बसलेल्या सोनलने ते पाहिलं. "दीक्षा, हे खरं आहे?"

"हो. मागच्या महिन्यात. तिसरा लागला होता."

तिला कळलं आणि तुला नाही, हे बरोबर वाटेना, म्हणून लिहितेय.

तुझ्या जावयाने आठवडाभर रजा घेतली होती. स्वयंपाक, कपडे, सगळं प्रफुल्लनेच केलं. "आईंना फोन लावू का?" असं रोज विचारायचा. मी नको म्हणायचे. तू फोनवर रडली असतीस, आणि मला अजून रडूच आलेलं नाही. तुला वाटलं असतं, हिला काही वाटतच नाही.

हे वाचून आधी रडून घे. मग फोन कर. तू बोल, मी ऐकेन.

तुझीच,
दीक्षा