लांडग्याचा पेलिकन

विनिपेग,
९ नोव्हेंबर १९८६

चि. ओरेस्ट यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या घरात राहायला येऊन आम्हाला पंधरवडा होत आला, आणि अजून तुझ्या स्वयंपाकघरात मला दुसरं पातेलं सापडलेलं नाही. एका पातेल्यावर सहा वर्षं कशी काढलीस रे? माझ्या लॉस एंजेलिसच्या घरात कपाटभर भांडी आहेत, आणि त्यातल्या एकालाही तू अजून हात लावलेला नाहीस, हे मी इथून पैजेवर सांगते.

अजूनही सकाळी जाग आली की मला हसू येतं. दोन बर्फावरच्या हॉकी संघांचे मालक जेवायला बसतात काय, विनिपेग वुल्व्जचा ओरेस्ट पालामार आम्हाला द्या आणि आमच्या पेलिकन्सचा लॉर्न हॅगर्टी तुम्ही घ्या असं ठरवतात काय, आणि कॉफी येईपर्यंत माझा भाऊ माझ्या घरात आणि माझा नवरा माझ्या भावाच्या घरात. हे दोघे मेव्हणे लागतात हे म्हणे त्यांना सह्या झाल्यावर कळलं. लॉर्न म्हणतो, आधी कळलं असतं तर सासराही मागून घेतला असता.

गेल्या रविवारी आपल्या युक्रेनी चर्चमधल्या बायका तुझ्यासाठी बटाटा भरून उकडलेल्या पिरोहींचा डबा घेऊन आल्या. तू गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, पण हात थांबत नाहीत म्हणाल्या. दार लॉर्नने उघडलं. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून झाल्यावर पुढारीणबाईंनी डब्यातल्या निम्म्या पिरोही परत काढून घेतल्या. गोल करायला लागलास की बाकीच्या आणून देऊ, असं त्याला तोंडावर सांगून गेल्या.

गोलाचं मात्र अवघडच आहे. त्याला वॉली ड्रेगरच्या डाव्या हाताला, अगदी तुझ्या जागी उभा केलाय. हॉकीची चकती याच्याकडे आली की लोक ओरडतात, ओरेस्ट असता तर. ती याच्याकडून गेली की तेच ओरडतात. परवा हा मोटारीचं इंजिन ऊबदार ठेवणारी तार रात्री भिंतीतल्या विजेला जोडायला विसरला. उणे पंचविसात इंजिनाचा दगड झाला. सरावाला बसने गेला, तर सबंध वाटभर ड्रायव्हरने त्याला तू फटका कसा मारायचास ते समजावलं, आणि उतरताना तिकिटाचे पैसेही घेतले. लॉर्न हे हसत सांगतो, पण जेवण अर्धं टाकतो.

लेस्याला शाळेत कुणी म्हणालं की तुझा बाबा काही ओरेस्ट नाही. ती म्हणाली, नाहीच, तो माझा मामा आहे. त्या दिवसापासून वर्गात तिचा भाव वधारला आहे. घरात सध्या सुखी अशी ती एकटीच.

तू फोनवर नुसतं हं-हं करतोस, म्हणून हे पत्र. नीट, सविस्तर लिही. आमची माया तुझ्यामागे उन्हातही आली आहे, तिला सावलीत जागा दे.

तुझी,
डारका


लॉस एंजेलिस,
२३ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. डारकाताईस,
सा. न. वि. वि.

पातेल्याची पैज तू जिंकलीस. मी इथे उभ्या उभ्या पाव खातो. तुझं लिंबाचं झाड रात्रभर छपरावर लिंबं टाकतं. पहिल्या रात्री दारावर कुणी थाप मारतंय असं वाटून मी तीनदा खाली जाऊन आलो. तिसऱ्यांदा शेजारीण कुत्र्याला घेऊन बाहेर उभी होती. चड्डीवर दार उघडून मी तिला या म्हणालो. तेव्हापासून ती रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

इथे सराव संपला की सगळे समुद्रावर जातात. चड्ड्या आणि सपाता घालून हॉकी खेळायला आलेली माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. बाहेर इतकं ऊन की बर्फ वरून घाम आल्यासारखा ओला असतो, आणि चकती सरळ घसरायची सोडून बेडकासारखी उडते. जर्सीवर तो चोच फुगवलेला पेलिकन. आरशात पाहिलं तर मला कुणीतरी गिळायला घेतलंय असं दिसतं. लांडग्याचा पेलिकन झाला, ताई, आणि कुणाला त्याचं काही नाही. दुकानात बाईने विचारलं काय करता, मी म्हटलं हॉकी खेळतो. हॉकी म्हणजे पोलो समजून तिने विचारलं घोडा स्वतःचा आहे का. विनिपेगला मी मटण आणायला गेलो तर खाटीक आधी कालच्या चुका मोजायचा आणि मग सुरी उचलायचा. तेव्हा मला त्याचा राग यायचा.

पण खरं दुःख ते नाही. इथले खेळाडू माझ्याशी फार चांगले वागतात. दार उघडून धरतात. जेवणाच्या रांगेत मला पुढे करतात. गोलरक्षक सँडी, जो बाकी सगळ्यांच्या बुटांत साबणाचा फेस भरतो, तो मला श्रीयुत पालामार म्हणतो. माझ्या बुटांना कुणी हात लावत नाही. पाहुण्याला खेळता येत नाही, ताई. अकरा सामन्यांत माझा एक गोल आहे, आणि तोही माझ्या ढुंगणाला लागून आत गेला. कोणाला सांगू नकोस, पण हा मोसम झाला की लिपोवाला आपल्या शेतावर परतावं आणि तातोंबरोबर बापलेकांनी गहू पेरावा असं मनात येतं.

तातोंना तीनदा फोन केला. बर्फ किती पडलं ते सांगतात, आणि बरंय म्हणून ठेवतात. अदलाबदल मी मागून घेतली असं त्यांना वाटतं का? तू काढून बघ.

लॉर्नला सांग, वॉली कधी तोंडाने हाक मारत नाही. चकती हवी असली की बर्फावर काठी दोनदा आपटतो. टक टक. मान वळवून बघत बसायचं नाही, आवाजाच्या रोखाने सोडून द्यायची आणि स्वतः गोलाकडे सुटायचं. तो न बघता परत देतो. हे मला कळायला एक वर्ष गेलं.

लेस्याला गोड पापा. माझ्यावरचा लोभ बर्फात पुरून ठेव, तिथे नासणार नाही.

तुझा,
ओरेस्ट


विनिपेग,
१४ डिसेंबर १९८६

चि. ओरेस्ट यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

ढुंगणाचा गोल मी लॉर्नला वाचून दाखवला. कोणाला सांगू नकोस म्हणाला होतास, पण नवरा म्हणजे कोणी नव्हे. महिन्यात पहिल्यांदा तो पोट धरून हसला आणि म्हणाला, माझ्याकडे तेवढाही नाही.

काठीची टकटक तो आता ओळखतो. वॉलीला चकती वेळेवर पोचते. परत आली की मात्र हा घाबरतो. लोक श्वास रोखून धरतात ते त्याला ऐकू येतं म्हणे, आणि हात जड होतात. इथल्या पेपरात दर शनिवारी चौकट असते, अदलाबदलीत कोण बुडालं. या आठवड्यात दोघेही, असा निकाल आहे. मी ती वाचते तेव्हा एका डोळ्याने भाऊ आणि एका डोळ्याने नवरा बघते, आणि डोकं दुखायला लागतं.

आता खरी गोष्ट. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत गोल झाले नाहीत तर लॉर्नला खालच्या धाकट्या संघात पाठवतील, असं कोचने त्याला बसवून सांगितलं. तो संघ कुठल्या गावात आहे ते मी नकाशात शोधलं आणि नकाशा मिटून ठेवला. मी पुन्हा खोकी बांधणार नाही, ओरेस्ट. लेस्याला मैत्रीण मिळाली आहे, आणि मी नुकतं दुसरं पातेलं घेतलं आहे.

तातोंना विचारलं. तुझ्यावर राग नाही म्हणतात. मग बोलत का नाही, तर बोलण्यासारखं काय आहे, असं मलाच विचारतात. त्या माणसाच्या तोंडून काही काढायचं म्हणजे गोठलेल्या जमिनीतून बटाटा काढायचा.

४ जानेवारीला तुमचे पेलिकन्स इथे येतात. लिपोवाचं सगळं गाव शाळेची बस करून येणार, तातोही. कोणाच्या बाजूने ओरडायचं यावर बसमध्ये मारामारी होईल असा अंदाज आहे. मी स्वतः तोंडात रुमाल धरून बसणार.

गव्हाचं परत बोललास तर तिथे येऊन तुझा कान धरीन. एरवी प्रेमात तूट नाही.

तुझी,
डारका


लॉस एंजेलिस,
७ जानेवारी १९८७, आपला जुन्या पंचांगाचा नाताळ

ती. सौ. डारकाताईस,
सा. न. वि. वि.

नाताळच्या शुभेच्छा. तू वर बसली होतीस, तुला सगळं दिसलं. मला खाली काय ऐकू आलं तेवढं सांगतो.

सुरुवातीला लोक उभे राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते, ते थांबेचनात. मी मान खाली घालून बुटांच्या नाड्या बघत राहिलो. खेळाडू बदलण्याच्या पहिल्याच वेळी दमून आलो आणि सरळ वुल्व्जच्या बाकावर जाऊन बसलो. त्यांच्या कोचने पाण्याची बाटलीही हातात दिली. दोन घोट पिऊन झाल्यावर त्याच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं.

ते परवडलं. शेवटची तीन मिनिटं, बरोबरी, आमच्याच हद्दीत चकती माझ्याकडे, आजूबाजूला कुणी नाही. आणि मागून आवाज आला, टक टक. ताई, आईशप्पथ, मी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. सहा वर्षं त्या आवाजाला माझे हात हो म्हणत आलेत. मी न बघता चकती आवाजावर सोडली. वॉलीने ती न बघता लॉर्नला दिली. आणि मी आपला वुल्व्जमधल्या सवयीने आमच्याच गोलाकडे सुटलो होतो, तो आमच्याच सँडीच्या अंगावर जाऊन आदळलो. मी त्याच्यावर पडलो, आणि आमच्या दोघांच्या डोक्यावरून लॉर्नने ती जाळ्यात ठेवली. त्याचा पहिला गोल. छप्पर उडेल असा आवाज झाला, आणि त्यात कुणी माझं नाव घेत नव्हतं. हॅगर्टी, हॅगर्टी चाललं होतं. मी आडवा पडल्या पडल्या ते ऐकत होतो. वाईट वाटायला हवं होतं, पण लॉर्नचा चेहरा समोर होता, आणि तो लग्नातसुद्धा इतका खूश नव्हता.

सामना आम्ही हरलो. कपडे बदलायच्या खोलीत सगळे आपापले पट्टे सोडत बसले. मी मनातल्या मनात गव्हाचं बियाणं निवडत होतो. मग सँडी आपलं सगळं चिलखत खडखडवत आला, शेजारी बसला, आणि अगदी शांतपणे म्हणाला की मेव्हण्याला नाताळची भेट द्यायची तर लोक गळपट्टा देतात. आधी कोच हसला. मग जे सगळे सुटले ते विमान उतरेपर्यंत. विमानात माझे बूट नाहीसे झाले. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर मी मोज्यांवर चालत बाहेर आलो. आज सरावाला गेलो, तर मला श्रीयुत म्हणणारं कुणी उरलेलं नाही. नवं नाव ठेवलंय ते तुला लिहिता येणार नाही. जेवणाच्या रांगेत मला शेवटी ढकललं. इतकं चविष्ट जेवण मी इथे आल्यापासून जेवलो नव्हतो.

चर्चच्या बायकांकडून निम्म्या पिरोही वसूल कर. लॉर्नला मिठी, आणि त्याला म्हणावं आता पुढचे स्वतःचे स्वतः कर.

तुझा,
ओरेस्ट


लिपोवा,
१० जानेवारी १९८७

चि. ओरेस्ट यास,
आशीर्वाद.

मी इकडे खुशाल. बर्फ गुडघाभर. गाई बऱ्या आहेत.

डारका म्हणते मी तुला पत्र लिहावं. सामन्याला मी होतो. गोल झाल्यावर शेजारचा माणूस म्हणाला, काय पास दिला वॉलीने. मी म्हटलं पास माझ्या मुलाचा होता, नीट बघत जा. तो म्हणाला तुमचा मुलगा तर दुसऱ्या संघात आहे. मी म्हटलं मारलेला गोल जावयाचा आणि दिलेला पास मुलाचा, आमच्या घरात संघ एकच. मग त्याने मला बिअर पाजली. त्या पासाचं श्रेय तुझ्या नावावर लावा असं मी हॉकीवाल्यांच्या कचेरीला कळवलं आहे. नियमात बसत नाही असं उत्तर आलं तर परत लिहीन.

तुला वाटतं मी रागावलो. डारकाने सांगितलं. तसं नाही. तू विनिपेगला होतास तेव्हा तुझा प्रत्येक सामना मी रेडिओवर ऐकला. फोनवर तू हॅलो म्हणायच्या आत मला बोलायला होतं. कुठे उशीर केलास, कुठे आळस केलास, सगळं. त्या लॉस एंजेलिसचे सामने इथला रेडिओ लावत नाही. पेपरात दुसऱ्या दिवशी आकडा येतो. आकड्यावरून काय कळतं? तू काठी हातात धरल्यापासून पहिल्यांदा मला ठाऊक नाही तू कसा खेळतोस. फोन घेतो आणि तोंडात बर्फाशिवाय काही येत नाही.

त्या दिवशी एवढ्या लांबून बघितलं. पाय चांगले चालतात. खांदा अजून आधी वळतो.

थंडी नसली तरी टोपी घालत जा.

तातो


लॉस एंजेलिस,
१९ जानेवारी १९८७

ती. तातो यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग सँडीला वाचून दाखवलं. खांदा आधी वळतो हे तो रोज मला सांगतो, आता त्याला जोर आलाय.

काल सेंट लुईसचा संघ इथे आला होता. खुर्ची रेडिओजवळ ओढा. रेडिओ बंदच राहू द्या.

पहिलं सत्र. मी वाईट खेळलो. आता मला उजव्या हाताला ठेवतात, आणि भिंतीकडून आलेली चकती उलट्या बाजूने घ्यावी लागते. दोनदा सुटली. दुसऱ्यांदा आळसाने सुटली, ते तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. त्यांचा एक गोल.

दुसरं सत्र. बरा. एक फटका खांबाला लागला. खांदा आधी वळला होता. त्यांचा बचावपटू, दाराएवढा रुंद, त्याने मला भिंतीवर चेपलं. लागलं नाही. डारकाला सांगू नका. आमचा एक, बरोबरी.

मध्यंतर. चहा ठेवून या. मी थांबतो.

आलात? बसा. तिसरं सत्र. दहा मिनिटं काहीच नाही, नुसती ढकलाढकली. मग कोपऱ्यात चकती अडकली. मी गेलो, उशीर केला नाही, पायाने ओढून काढली. तो मघाचा दरवाजा माझ्यावर धावून आला. मी तिथेच थांबलो, तो पुढे निघून गेला. समोर गोलरक्षक एकटा. खांदा मी शेवटपर्यंत वळवला नाही. तो उजवीकडे पडला, मी डावीकडून वर टाकली.

गोल, तातो. जिंकलो.

आता टेबलावर मूठ आपटा. मला इथे ऐकू येईल.

तुमचा,
ओरेस्ट