बटणांचं खोकं

दादा,

काल तुझ्याकडे आले तेव्हा माझ्या बाहीचं बटण तुटलं. वहिनीने बटणांचं खोकं काढून दिलं. त्यावर त्याच इंजेक्शनचं नाव होतं.

साथीत अप्पांना श्वास घेता येईना, तेव्हा त्या इंजेक्शनसाठी मी तुला फोनवर किती गयावया केली होती. डॉक्टर तू, शेवटचा शब्द तुझा. म्हणालास, "पुरावा काही नाही, वर हृदयाला धोका. लोकांचं डोकं फिरलंय. तू तरी शहाणी हो." मी शहाणी झाले. चौथ्या दिवशी अप्पा गेले.

"माझ्या बाबांसाठी आणलं होतं गं," वहिनी सहज म्हणाली. "हे स्वतः सहा तास रांगेत उभे होते." कधी, ते विचारलं. अप्पा गेले त्याच आठवड्यात.

आता सिद्ध झालंय म्हणे, त्या औषधाचा काडीचाही उपयोग नव्हता. तुझे सासरे आपले आपणच बरे झाले असणार. म्हणजे तुझंच खरं होतं. पण सासऱ्यांसाठी तुझंही डोकं फिरलं ना? मग अप्पांसाठी का नाही रे फिरलं?

हे पत्र टाकणार नाही. तुझ्याकडे याचंही बिनतोड उत्तर असेल.

तुझी शहाणी बहीण