आत्याच्या घराचे दोन दावेदार

इस्तंबूल, मार्च १९१९

बाबा, तुमचा हात चुंबून कपाळाला लावते.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. मेहपारेआत्याचा खोकला कमी आहे, घरात पीठही आहे. आईला आता झोप लागते का?

काल, युद्ध हरल्यापासून शहरात ठाण मांडून बसलेल्या फौजांतले एक इंग्रज आणि एक फ्रेंच अधिकारी बुटांसकट गालिच्यावर आले. आपल्या खिडकीतून सामुद्रधुनीतली सगळी जहाजं दिसतात, म्हणून घर दोघांनाही हवंय. आत्याने रिवाजाप्रमाणे कॉफी ठेवली. ते फ्रेंचमध्ये भांडत होते.

“हा मोहल्ला आमच्या वाट्याचा,” फ्रेंच म्हणाला.

“शहराची वाटणी झाली कधी?” इंग्रजाने विचारलं.

“काय गं म्हणतायत?” आत्या म्हणाली.

खोटं बोलवेना. “घर कुणाचं यावर वाद आहे. आपलं नाव त्यात नाही.”

आत्या उठली आणि दोघांपुढचे भरलेले पेले उचलून आत घेऊन गेली. या घरात असं कधी झालं नव्हतं, बाबा.

“म्हातारी तुमच्यावर रागावली,” फ्रेंच हसून इंग्रजाला म्हणाला.

“दोघांवरही,” मी तुम्ही शिकवलेल्या फ्रेंचमध्ये म्हटलं. मग कुणी हसलं नाही.

शुक्रवारपर्यंत मालकीचा कागद दाखवा, नाहीतर घर सोडा, असं बजावून ते गेले. आपल्याच घराचा पुरावा यांना द्यायचा. संतापाने अक्षर बिघडलंय, माफ करा.

कागद तुमच्या पेटीत आहे. टपाल फोडतात, म्हणून हे पत्र आणणाऱ्या हमदीकाकांबरोबरच तो पाठवा. मला न्यायला मात्र कुणाला पाठवू नका. कागद आला नाही, तरी शुक्रवारी दार मीच उघडणार आहे.

तुमची लेक,
नेजाहत