मामीच्या हातचं इग्निशन

३ मार्च

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं गॅरेज जोरात चाललंय हे वाचून छाती फुगली. इकडची बातमी मात्र बरी नाही. परवा आपली म्हातारी गाडी भर पुलावर बंद पडली. मामी शिवलेले गणवेश शाळेत पोचवायला निघाली होती. मागे ट्रकची रांग आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ. दोष गाडीचा नाही, माझा. इग्निशनच्या पॉइंट्समधली फट केसभर चुकली तरी ठिणगी दगा देते, आणि हात थरथरायला लागल्यापासून ती फट मला साधत नाही. चाळीस वर्षं लोकांची इंजिनं दुरुस्त केली, आता घरचंच जमेना. गाडी विकावी म्हणतो. मामी विचारते, शिवणयंत्र अडलं की मी ते विकते का?

तुझी खुशाली कळवत जा.
मामा

११ मार्च

ती. मामांस भाचीचा सा. न. वि. वि.

विकायची भाषा नको. सोबत इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच पाठवतेय. पॉइंट्स आणि कंडेन्सर काढायचे, त्यांच्या जागी छोटा सेन्सर आणि ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या मधल्या दांड्यावर चुंबकाची कडी. फट लावायची कटकट कायमची संपली! लाल तार कॉइलच्या अधिक खुणेला, काळी उणेला. उलट झालं तर सेन्सर क्षणात जळेल, आणि दुसरा मिळायला दोन महिने. तेव्हा शेजारच्या मेकॅनिकला बोलवा. राग येईल तुम्हाला, पण इंजिनापुढे मिजास चालत नाही हे तुम्हीच मला शिकवलंत.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
भाची

२० मार्च

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

मेकॅनिकला बोलावलंच नाही. मामीने शिवणयंत्राचा स्क्रूड्रायव्हर घेतला, मला स्टुलावर बसवलं आणि तुझं पत्र मोठ्याने वाचायला लावलं. अगं, काय हात आहे तिचा! बटण लावावं तितक्या सहज तिने सेन्सर बसवला. इतकी वर्षं टॉर्च धरून माझ्या बाजूला उभी असायची. मला वाटायचं, कंटाळत असेल. तिला सगळं पाठ होतं.

तारांची वेळ आली तेव्हा मी घाईत लाल तार उणेला लावायला सांगितली. ती थांबली. म्हणाली, पत्रात पुन्हा एकदा बघा. बघितलं, तर चूक माझीच. ती हसली नाही, टोमणा मारला नाही. तार अधिकला लावली. किल्ली फिरवताच इंजिन असं सुरू झालं की दोघंही बघत राहिलो. किल्ली फिरवताच इंजिन असं सुरू झालं की दोघंही बघत राहिलो.

काल लांबवर फिरून आलो. गाडीत बसलो की माझा कान कायम इंजिनाकडे. काल पहिल्यांदाच तिच्या बोलण्याकडे होता. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, आणि ती इतकी मजेशीर बोलते हे मला आत्ता कळलं.

आम्हा दोघांना असाच जीव लाव.
मामा