साखरपुड्याच्या आड आलेलं क्षेपणास्त्र

११ जानेवारी, तासगाव

आमच्या सृष्टीचा साखरपुडा लांबला. होणारे व्याही जोतीराम यांनी रहिमतपूरहून स्वतः फोन करून पक्कं सांगितलं. कारण — क्षेपणास्त्र!

आमचे हे, नानासो, फौजेत असताना पोखरणच्या वाळूत राहिलेले. जोतीरामांची नोकरी विमानविरोधी तोफांवर, आकाशाकडं बघण्यात गेलेली. काल तारीख काढायला बसले आणि पोहे खाता खाता विषय निघाला: शत्रूचं क्षेपणास्त्र हवेत पाडायचं, तर अणुचाचणी लागते का?

जोतीराम म्हणाले, "नुसतं जाऊन धडकायचं असतंय. त्याला अणुबाँब कशाला, न् चाचणी तरी कशाला?"

हे म्हणाले, "आवं, नेम चुकला तर? जवळ मोठा बार केला की भागतंय. आन् तो बार उडतोय का, ते आधी बघायला नगं?"

"आपल्याच डोक्यावर उडवता व्हय?"

पाहुणे साखर तोंडात न घालताच उठले.

१२ जानेवारी

"आधी त्यांनी मान्य करावं, मग तारीख." — हे. रहिमतपूरचा निरोपही हाच.

१९ जानेवारी

सृष्टीनं विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, आता सगळा भर थेट धडकेवरच आहे, चाचणी लागू नये. पण चूक झाली तर किंमत फार मोठी, म्हणून तुझ्या बाबांचंही अगदीच —

"मी लग्नाचं विचारत होते."

२ फेब्रुवारी

प्रात्यक्षिक झालं. स्थळ आमची द्राक्षबाग. ह्यांनी ढेकूळ उंच फेकायचं, जोतीरामांनी गोफणीनं हवेतच उडवायचं. लहानपणी ज्वारी राखलेला हात, म्हणे.

गोफणीतला दगड ढेकळाला लागला नाही. बेदाण्याच्या शेडच्या पत्र्यावर आदळला. बागेतली सगळी पाखरं उडाली.

हे खूश. "बघा! नेम चुकला, पण आवाजानं काम झालं."

"पण बाँब लागला का? दगडातच भागलं न्हवं?"

दोघंही जिंकले. तारीख राहिलीच. ऋषिराज, म्हणजे मुलगा, वडिलांना घ्यायला आला होता. तो आणि सृष्टी शेडमागं बराच वेळ बोलत होते. पत्रा बघत असतील.

७ फेब्रुवारी, सांगली

सृष्टी मैत्रिणीकडं कराडला गेलीय. मी ज्या पेपरात पानं लावते, तिथल्या संपादकांना ह्याच विषयावर लेख हवा होता. दोन्ही बाजू समतोल मांडल्या, ह्यांना आणि जोतीरामांना सारख्या ओळी. लेख लांबला, पान अडलं. औंधहून यमाईच्या दर्शनरांगेचा फोटो आलेला. तिथला वार्ताहर अमृत दोनदा फोनवर म्हणाला, "मॅडम, फोटो तरी बघा."

"बघते रे." फोटो लहान केला, त्याखालची ओळ शेवटून छाटली. नेहमीसारखीच. पान वेळेत सोडलं.

८ फेब्रुवारी, तासगाव

सकाळी जोतीरामांचा फोन. "वहिनी, पान पाच बघा."

माझ्याच लेखाखाली, रांगेत सगळ्यांत पुढं, मुंडावळ्या बांधलेली सृष्टी. शेजारी ऋषिराज. मी छाटलेले शब्द अमृतनं फोनवर वाचून दाखवले: 'काल सकाळीच विवाहबद्ध झालेले तासगावची सृष्टी व रहिमतपूरचा ऋषिराज'.

ह्यांनी चष्मा लावून फोटो बघितला. मग म्हणाले, "आमी दोघं वर बघत ऱ्हायलो."

संध्याकाळी पोरं येणार आहेत. मागोमाग जोतीराम, साखर घेऊन.